पाणी घातलेली गाडी

मी गाड्यांना भिणारी बाई नाही. आमच्या भाजीचा पिकअप मीच चालवते. पहाटे भेंडी, गवार, कोथिंबीर भरून इंझोरीहून मंगरूळपीरच्या बाजारात न्यायचा आणि रिकामे कॅरेट घेऊन परत यायचं, हे माझं रोजचं काम. समोरून ट्रक अंगावर आला तरी मी त्याला दोन शब्द सुनावून पुढे जाते. पण आमच्या अंगणात येऊन उभ्या राहिलेल्या त्या काळ्या गाडीला मी भ्याले.

दिसायला झोकदार होती, एवढं मान्य करायला हवं. कुण्या ठेकेदाराने हौसेने घेतलेली परदेशी गाडी, बैलगाडीपेक्षा लांब, आत लाकडी पट्ट्या आणि चामड्याच्या सीटा. जवळ गेलं की तिचं वय दिसायचं. चालवणाऱ्याच्या सीटचं चामडं फाटून आतला स्पंज बाहेर आला होता, छताचं कापड पोटासारखं लोंबत होतं आणि स्टिअरिंगमागे एक नारिंगी दिवा सारखा जळत होता. ती घेऊन आला होता प्रसेनजित. मंगरूळपीरला त्याचा जुन्या गाड्यांचा धंदा आहे. त्याने सांगितलेल्या किमतीत आमच्याकडे साधी छोटी गाडीही धड मिळत नाही, त्यामुळे माझा नवरा दिनेश ती किंमत पुन्हा पुन्हा विचारत होता.

"हा दिवा कायचा?" मी विचारलं.

"सेन्सरचा हाये साधना वैनी. त्याच्याकडे पाहूच नोका."

"पाहू नये म्हणून लावला का मंग कंपनीनं?"

प्रसेनजित हसला. "चार दिवस ठेवा, चालवा. नाई पटली तर मी येऊन घेऊन जाईन. इसार नको, काई नको."

एवढी उदार माणसं मला आवडत नाहीत. विकणारा घाई करत नाही, तेव्हा त्याला माहीत असलेलं काहीतरी आपल्याला माहीत नसतं.

पण आम्हाला ही गाडी हौसेसाठी नको होती. माझ्या सासूबाई मनकर्णाबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणते, त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या आहेत. आठवड्यातून दोनदा त्यांना डायलिसिससाठी वाशिमला न्यावं लागतं. एसटीचे धक्के सोसेनात म्हणून मी त्यांना पिकअपच्या कॅबिनमध्ये गोधडी घालून न्यायला लागले. पिकअप माल वाहायला बनवलेला, रिकामा असला की जास्तच उडतो. जाताना त्या दातावर दात दाबून बसत. येताना अंगातला जीव गेलेला असे, पायात गोळे येत, ओकाऱ्या होत, आणि प्रत्येक खड्ड्याला त्या एवढंच म्हणत, "माय वो." मग दुसरा दिवस खाटेवर जाई. मला एकाच गोष्टीची भीती होती, की एक दिवस ह्या बाई म्हणतील, आता मी येत नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की दोन खेपा चुकल्या तर छातीत पाणी भरेल आणि मग त्यांच्या हातात काही राहणार नाही.

आम्ही अंगणात गाडीभोवती उभे राहून बोलत होतो, तेवढ्यात आत्याबाई घरातून तांब्या घेऊन आल्या. भिंतीला धरत धरत त्या गाडीपर्यंत गेल्या, पुढच्या दोन्ही चाकांवर पाणी घातलं, हळदीकुंकवाचं बोट लावलं आणि भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. आमच्याकडे नवा बैल दारात आला की घरची बाई असंच करते. पायावर पाणी पडलं की जनावर घरचं झालं.

माझे सासरे जगदेव, मी त्यांना मामाजी म्हणते, ते पाहतच राहिले. आख्खी हयात त्यांनी बैलांच्या बाजारात घालवली आहे. "अवं, चार दिवस पाहाले आणली हाये थे," ते म्हणाले. "पसंत नाई पडली तर वापस जाईन."

"घातलं आता," आत्याबाई म्हणाल्या आणि तांब्या उपडा करून आत गेल्या.

पाणी घातलेलं जनावर परत करायचं नसतं, केलं तर त्या दाव्याला पुढे दुसरं टिकत नाही, असं मामाजी मानतात. ते ओट्यावर जाऊन बसले. मला वाटलं, म्हातारपण आणि दुखणं, बाईला भान राहिलं नसेल. प्रसेनजित मात्र सोबत आलेल्या पोराच्या मोटारसायकलवर बसून खुशीत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी झाडायला बाहेर आले आणि हातातला झाडू तसाच राहिला. गाडी मागून खाली बसली होती. टायरांत हवा होती, पण मागचा सगळा भाग चाकांवर टेकला होता, इतका की मागच्या चाकांचा वरचा अर्धा भाग दिसेना. मी दिनेशला उठवलं. त्याने येऊन चावी फिरवली, आतून फुसफुस आवाज आला आणि गाडी हळूहळू उठली.

"हवेवर चालते हे," दिनेश म्हणाला. "रात्री हवा उतरते, सकाळी भरते. मोठ्या गाड्यायचं असंच असते."

"मोठ्या गाड्यायचं, का म्हाताऱ्या गाड्यायचं?"

मामाजी ओट्यावरून उठून आले होते. "बसकी हाये," ते हळूच म्हणाले. कामाच्या मध्येच खाली बसणाऱ्या बैलाला ते बसका म्हणतात. असा बैल कितीही मारला तरी उठत नाही, आणि कुठे बसेल ते सांगता येत नाही.

त्या दिवशी डायलिसिसची पाळी होती. मी म्हटलं, पिकअप काढते. दिनेश म्हणाला, गाडी आणली ती ह्याचसाठी ना, आज नाही तर पाहायची कधी. आमचं वाजलं. आत्याबाई तोवर लुगडं नेसून काळ्या गाडीच्या मागच्या सीटवर जाऊन बसल्या होत्या. त्यांच्याशी कोण भांडणार. मी त्यांच्या शेजारी बसले. दिनेशने पुढून मागच्या दारांना कुलूप लावायचं बटण दाबलं, आई डुलकीत दाराला टेकली तर दार उघडू नये म्हणून. त्याचं खरंच प्रेम आहे आईवर.

आता खरं सांगायचं तर जाताना मला काहीच बोलता आलं नाही. रस्त्यात तेच खड्डे होते, मला ते एक एक पाठ आहेत, पण त्या गाडीत ते कुठेतरी खाली दूर होत होते. मंगरूळपीर यायच्या आत आत्याबाईंची मान माझ्या खांद्यावर पडली. मी घाबरून नाकासमोर हात धरला. त्या घोरत होत्या. दवाखान्याच्या दारात हलवून उठवावं लागलं. त्या इकडेतिकडे पाहत म्हणाल्या, "आलं वाशीम?" दिनेशने आरशातून माझ्याकडे असं पाहिलं की मी खिडकीबाहेर बघू लागले.

दुपारी त्यांना घेऊन आम्ही निघालो तेव्हा बाहेर भट्टी पेटली होती. मेचं ऊन. आत्याबाईंच्या डाव्या हाताला सुया टोचण्यासाठी ऑपरेशन करून शीर मोठी केलेली आहे. तो हात काचेच्या भांड्यासारखा जपावा लागतो. त्यात बांगडी नाही, त्याच्यावर वजन नाही, त्याला ओढायचं नाही. डायलिसिसमध्ये रक्त पातळ करायचं औषध देतात, म्हणून येताना तिथे घट्ट पट्टी असते. आत एसी थंडगार होता आणि त्या पडून होत्या. मी जराशी सैल झाले होते.

वाटेतल्या शेलूच्या पळसाच्या रानातला उतार लागला आणि समोर एक लाल दिवा पेटला. मग दुसरा. मग सगळे दिवे एकदम पेटले आणि एकदम विझले. एसीचा आवाज थांबला, इंजिनाचाही थांबला. गाडी मात्र उतारावर पळतच होती.

"ब्रेक लागून नाई राह्यला," दिनेश म्हणाला. आवाज त्याचा वाटला नाही.

तो दोन्ही पायांनी ब्रेकवर उभा राहिला. स्टिअरिंग दगड झालं होतं, त्याच्या दंडाच्या शिरा मला मागून दिसत होत्या. खाली नाल्यावरचा अरुंद पूल होता आणि पुलावर समोरून ट्रक चढत होता. मी आत्याबाईंना कवेत घेतलं आणि डोळे मिटले. मला फक्त एवढंच वाटलं की यांचा डावा हात माझ्या बाजूला आहे, तो चेंगरायला नको. ट्रकचा हॉर्न कानाजवळून गेला. खडीचा आवाज आला, दोन धक्के बसले आणि गाडी पुलाच्या अलीकडे कडेला जाऊन टेकली. टेकली म्हणजे मागून बसलीच.

 मग मी दार उघडायला गेले. उघडलं नाही. काच खाली करायचं बटण दाबलं, काच हलली नाही. दिनेश पुढून बाहेर पडून आमच्या दाराशी आला, त्याने बाहेरून ओढलं, दुसऱ्या बाजूने ओढलं. वीज गेलेल्या गाडीत मागची दारं कुलपातच राहिली होती.

"पुढच्या सीटांमधून या," तो म्हणाला.

मी कशीबशी निघाले असते. पण पाय सुजलेल्या, अंगात त्राण नसलेल्या आत्याबाईंना त्या दोन जाडजूड सीटांच्या फटीतून कसं काढायचं? सीट मागे-पुढे करायचं बटणही मेलं होतं. तेवढ्यात माझ्या मांडीला ओलं लागलं. मला वाटलं पाण्याची बाटली सांडली. खाली पाहिलं तर लाल होतं. धक्क्यात आत्याबाईंनी डाव्या हाताने पुढच्या सीटची पाठ घट्ट धरली होती, आणि पट्टीखालून रक्त येत होतं. थेंब थेंब येत असतं तर मी घाबरले नसते, पण ते वाहत होतं.

सिस्टरने एकदा शिकवलं होतं की अंगठा बरोबर जागेवर ठेवायचा आणि उचलायचा नाही, काहीही झालं तरी. मी अंगठा ठेवला. अंगठ्याखाली ती शीर फुरफुरत होती. मी दाबून धरलं आणि मग मला कळलं की आता मीही कुठे जाऊ शकत नाही.

दिनेशने मोठा दगड आणला आणि काचेवर घातला. काच पांढरी झाली, तिच्यावर जाळं पडलं, पण फुटून पडेना. त्या काचा म्हणे दुहेरी असतात, आवाज आत येऊ नये म्हणून. खरंच येत नव्हता. नवरा बाहेर ओरडताना दिसत होता आणि पुढच्या उघड्या दारांतून त्याचा आवाज लांबून आल्यासारखा ऐकू येत होता. काळ्या पत्र्यावर ऊन पडलं होतं, आतली हवा घशाला चिकटत होती. आत्याबाईंचे ओठ पांढरे पडले. मी त्यांच्याशी बोलत राहिले, काय बोलले आठवत नाही, गवारीच्या भावाबद्दल असेल. आयुष्यात एवढी भ्याले नव्हते. ही बाई माझ्या अंगठ्याखाली जाणार, आणि मी तिच्यासोबत ह्या चामड्याच्या सीटवर बसलेली असणार, असं मला वाटत होतं.

एक ट्रॅक्टर थांबला. लखीराम नावाचा माणूस होता, पलीकडच्या तांड्यावरचा. त्याने आत डोकावून पाहिलं आणि ट्रॅक्टरवरून लांब लोखंडी टामी आणली, चाक उचकटायला वापरतात ती.

"दार वाकन भाऊ," तो दिनेशला म्हणाला. "गाडी मोठी दिसते. तोडू का?"

आणि दिनेश थांबला. क्षणभरच, पण मी ते पाहिलं. गाडी आमची नव्हती, पैसे दिले नव्हते, दाराची किंमत कोण देणार हे त्याच्या तोंडावर लिहिलं होतं. तो वाईट माणूस नाही. भाजीवाल्याचं डोकं आहे, मोडलेल्या मालाचा विचार आधी येतो. मी आतून म्हटलं, "तोडा हो भाऊ, माझ्या नावानं तोडा." तोवर दिनेशनेच टामीचं दुसरं टोक धरलं होतं.

दार कुरकुरत उघडलं. लखीरामने आत्याबाईंना लेकरासारखं उचललं, मी अंगठा न सोडता सोबत सरकत बाहेर आले. ट्रॅक्टरच्या सावलीत त्यांना झोपवलं, कुणीतरी जीप थांबवली आणि आम्ही उलट वाशिमला गेलो. दवाखान्यात सिस्टर म्हणाली, "सोडा आता ताई." माझा अंगठा सुटेना. तिने एकेक बोट धरून हात काढला.

आत्याबाई वाचल्या. त्या रात्री ठेवून घेऊन दुसऱ्या दिवशी त्यांना घरी सोडलं. गाडी टोचन करून अंगणात आणली होती, एक दार वाकलेलं, एक काच पांढरी. प्रसेनजित संध्याकाळी आला. तोंड उतरलेलं होतं. दाराचं काही मागत नाही, गाडी घेऊन जातो, कुठे बोलू नका, असं म्हणाला. दिनेश चावी आणायला उठलाच होता. मामाजींनी तर हात जोडले. "पानी घातलं असो का नसो," ते म्हणाले, "घेऊन जा बाबा."

"पानी मी घातलं," आत्याबाई खाटेवरून म्हणाल्या. "मले इचारा."

"तुले काय इचारा? मरता मरता वाचली तू."

"थे तर माह्यं दर हप्त्याचंच हाये." त्या उठून बसायचा प्रयत्न करत होत्या, मी पाठीला हात लावला. त्यांनी तो बाजूला केला. "तुमाले वाटलं म्हातारीले समजलं नाई. चार दिवसाची हाये थे मले ठाव होतं. म्हूनच घातलं पानी. साधना तिले वापस धाडन, हे तिच्या तोंडावर दिसत होतं."

 खरंच होतं ते.

"जाताना मी झोपली होती," त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या. "त्या सडकंवर मी कदी झोपली का? सांग."

"आत्याबाई, तुमी गेल्या असत्या त्या गाडीत."

"असंन. तुमाले भेव वाटते, मले दुखते. तुमचं भेव घरी आल्यावर जाते. माह्यं दुखनं दुसऱ्या दिवशी बी राह्यते." त्यांना दम लागला, त्या थांबल्या. "पिकअपमंदी न्याचं असन, तर परवा मी येत नाई. उचलून नेसान का मले?"

मला इतका राग आला की मी उठून बाहेर आले. माझ्या अंगठ्याखाली काय फुरफुरत होतं ते ह्या बाईला माहीत नाही, आणि ही मला धमकी देते. मी अंगणात फेऱ्या मारल्या. पिकअपमध्ये नेलं असतं तर त्या मेल्या नसत्या, हे मला माहीत होतं. पण त्या पिकअपमध्ये बसणारच नसतील, तर त्या मरतीलच, हेही तेवढंच माहीत होतं. गाडी मागून बसलेली होती आणि तिच्या पुढच्या चाकावरचं कुंकू अजून पुसलं गेलं नव्हतं. मी आत गेले आणि प्रसेनजितला म्हटलं, "गाडी राहू दे. पन दाराचे अन काचेचे पैसे किमतीतून कमी कर, अन मिस्त्री धाड."

दिनेश माझ्याकडे बघत राहिला. मामाजी बाहेर निघून गेले.

मिस्त्री देवमन काल दिवसभर राबला. नवी बॅटरी बसवली, वीज बनवणारं यंत्र बदललं आणि मी सांगितल्याप्रमाणे मागच्या दारांची विजेची कुलपं काढून तिथे साध्या कड्या लावल्या, आतून उघडणाऱ्या. हात पुसत तो म्हणाला, "वायरिंग सारी जुनी हाये वैनी. आज चालन. उद्याचं मी सांगू शकत नाई."

आज सकाळी आम्ही निघालो. काळी गाडी मी चालवते आहे, कारण आता मला दुसऱ्या कुणाच्या हातात ती द्यायची नाही. लखीरामकडून मागून आणलेली टामी माझ्या सीटखाली आहे. आत्याबाई मागे एकट्या पाय लांब करून पडल्या आहेत. आणि आमच्या मागे दिनेश रिकामा पिकअप घेऊन येतो आहे, गोधडी अंथरलेला, सगळी वाट आमच्या मागे. दोन गाड्यांचं डिझेल जाळत एका बाईला नेणारं आमच्यासारखं घर अख्ख्या तालुक्यात नसेल. गावातल्या लोकांना हसायला तेवढंच हवं असतं.

त्याच नाल्याचा अलीकडचा उतार आला.  मी एक डोळा रस्त्यावर आणि एक त्या दिव्यांवर ठेवला, पाय ब्रेकच्या वर धरून ठेवला. पूल गेला. मग आरशात पाहिलं तर आत्याबाईंची मान एका बाजूला कलली होती आणि तोंड उघडं होतं. छाती हलते आहे का ते दिसेना.

"आत्याबाई," मी म्हटलं. उत्तर नाही.

"आत्याबाई."

काहीच नाही.  मी गाडी कडेला घ्यायला लागले, मागे दिनेशने हॉर्न दिला. "आत्याबाई," मी मोठ्याने म्हटलं.

त्यांनी एक डोळा उघडला. "झोपू दे ना वो," त्या चिडून म्हणाल्या आणि तोंड दुसरीकडे फिरवलं.

मी बरं म्हटलं, गाडी परत रस्त्यावर घेतली आणि थोडं पुढे जाऊन पुन्हा आरशात पाहिलं.